‘रेशमी’ गालिचा पुसला की पुन्हा पुन्हा पिवळा पडतोय? आधी धागा ओळखा

तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "चहा सांडला होता हो, लगेच ओल्या फडक्यानं पुसून घेतला. तेव्हा डाग गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पिवळं कडं. पुन्हा पुसलं, तर कडं आणखी मोठं झालं. आता तिथली लव कडक झालीय." आणि मग प्रश्न येतो, "रेशमी गालिच्यासाठी चांगलं लिक्विड कुठलं?"

गालिचे धुणं आणि दुरुस्त करणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. वडील रफू करायचे, त्यामुळे धागा बोटांत धरून ओळखायची सवय लहानपणापासूनची आहे. ही तक्रार घेऊन माझ्याकडे आलेले बहुतेक गालिचे रेशमाचे नव्हतेच, व्हिस्कोसचे, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम रेशमाचे होते. लिक्विड बदलून हा त्रास थांबत नाही, कारण चहाचा डाग केव्हाच निघून गेलेला असतो. तुम्हाला दिसतं ते पाण्यानं त्या धाग्याचं केलेलं नुकसान. म्हणून धागा कुठला हे कळेपर्यंत गालिच्याला पाण्याचा हात लावू नका.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका काकू मोतिया रंगाचा, चार बाय सहा फुटांचा गालिचा घेऊन आल्या. मुलानं सहलीहून आणलेला. पाहुण्यांच्या हातून कॉफी सांडली, म्हणून काकूंनी तो तीनदा पुसला होता. एकदा नुसत्या पाण्यानं, एकदा कपड्यांची पावडर घालून, एकदा खायचा सोडा लावून. बशीएवढा डाग परातीएवढा झाला होता.

मी गालिचा उलटा केला. मागे जाडं कापड चिकटवलेलं होतं, एकही गाठ दिसत नव्हती. मग काठाजवळून चिमट्यानं लवेचे दोन धागे उपटले, प्रत्येकी इंचभर लांबीचे. एक कोरडाच दोन चिमट्यांत धरून ओढला. चांगला ताण सोसून तो तुटला. दुसरा मधोमध ओल्या बोटानं भिजवला, क्षणभर थांबलो आणि तसाच ओढला. ओला कागद सुटावा तसा तो बरोबर भिजलेल्या जागी सुटला. जोर लावावाच लागला नाही. काकूंच्याही हातात आणखी एक धागा काढून दिला, त्यांनी स्वतः करून पाहिलं.

"पण पावतीवर सिल्क लिहिलंय," त्या म्हणाल्या. पावती पाहिली. ‘आर्ट सिल्क’ लिहिलं होतं. "मला वाटलं, आर्ट म्हणजे कलाकुसरीचं." हा गैरसमज मी इतक्या घरांत पाहिला आहे की स्पष्ट लिहितो. आर्ट सिल्कमधलं ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे. आर्टिफिशियल, म्हणजे कृत्रिम, या शब्दाचं ते आखूड रूप आहे.

कडं परत परत का येतं

खरं रेशीम म्हणजे प्रथिन. रेशीमकिड्याच्या दोन ग्रंथींतून एकाच वेळी दोन तंतू निघतात आणि सेरिसिन नावाच्या डिंकानं ते एकमेकांना चिकटतात. हा डिंक वजनानं पाव हिश्श्याच्या आसपास असतो. उकळून तो काढून टाकला की आतला फायब्रॉइनचा तंतू उरतो. त्याचा आडवा छेद तिकोनी असतो, म्हणून उजेड त्याच्यावरून लोलकासारखा फुटतो आणि चमक खोल, मऊ वाटते. प्रथिनच असल्यामुळे त्याचं वागणं आपल्या केसांसारखं आणि लोकरीसारखं असतं.

व्हिस्कोस म्हणजे सेल्युलोज. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा मधासारखा घट्ट द्रव करायचा आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडायचा. तिथे त्याचे धागे गोठतात. इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ साली या रीतीचं पेटंट घेतलं. त्याआधी फ्रान्समधल्या शार्दोने यांनी नायट्रोसेल्युलोजपासून कृत्रिम रेशीम काढून १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं, पण ते भडकन पेट घ्यायचं. व्हिस्कोसला ‘रेयॉन’ हे नाव अमेरिकेत १९२४ मध्ये रूढ झालं, तोवर सगळे त्याला कृत्रिम रेशीमच म्हणत. आपल्याकडे कल्याणजवळच्या शहाडला रेयॉनचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे ठाणे-कल्याणकडच्या वाचकांना हा शब्द नवा नसेल. व्हिस्कोसमध्ये लाजण्यासारखं काही नाही. परकराला, अस्तराला, ब्लाउजपीसला तो सुरेख धागा आहे. मात्र दिवाणखान्याच्या जमिनीवर, जिथे चहा सांडतो आणि पाय घासले जातात, तिथे तो टिकत नाही.

पाणी लागल्यावर तीन गोष्टी होतात. पहिली म्हणजे धागा फुगतो आणि त्याची ताकद निम्म्यावर येते. रेशमाचीही ताकद ओलं असताना घटते, पण जेमतेम पाचवा हिस्सा. तुम्ही ओल्या व्हिस्कोसवर फडकं घासता तेव्हा निम्म्या ताकदीचा धागा रगडत असता, त्यामुळे त्याचे सूक्ष्म तंतू मोडतात. दुसरी गोष्ट, फुगलेले तंतू आडवे पडून एकमेकांना चिकटतात आणि तसेच वाळतात. हाताला लागतो तो कडकपणा हाच. तिसरी गोष्ट त्या पिवळ्या कड्याची. तळाच्या सुती धाग्यांत आणि खुद्द सेल्युलोजमध्ये पिवळट-तपकिरी अंश असतात. पाणी त्यांना विरघळवून लवेच्या टोकाकडे चढवतं. टोकावरून पाणी उडून जातं, रंग तिथेच राहतो. ओलं झालेलं वर्तमानपत्र वाळल्यावर त्याच्या कडेला तपकिरी रेघ उमटते ना, अगदी तसंच.

आता कड्याचं कोडं सुटतं. तुम्ही पिवळी कड पुसायला थोड्या मोठ्या जागेवर पाणी लावता. ते पाणी आणखी बाहेर पसरतं आणि नव्या हद्दीवर नवी कड तयार करतं. प्रत्येक पुसण्यासरशी डाग एक पाऊल पुढे सरकतो. त्यात साबण किंवा खायचा सोडा घातला तर आणखी वाईट, कारण क्षार असला की हे पिवळेपण जोरानं उमटतं. आपल्या घरांत खायचा सोडा हा सगळ्या डागांवरचा उपाय समजला जातो. व्हिस्कोसवर तो चुकूनही लावू नका. रेशमावरही नको, प्रथिनाला क्षार सोसत नाही.

धागा कसा ओळखायचा

नावांवर जाऊ नका. बांबू सिल्क म्हणजे बांबूच्या लगद्यापासून काढलेलं व्हिस्कोस. कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्यात बांबूचं काही उरत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००९ मध्ये, रेयॉनला नुसतं ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर याच कारणानं कारवाई केली होती. गालिच्यांच्या बाजारात बनाना सिल्क, व्हीगन सिल्क, मोरोक्कोचं साब्रा किंवा कॅक्टस सिल्क ही नावं ऐकलीत, तर बहुतेक वेळा ते व्हिस्कोसच असतं. तुर्कस्तानच्या कायसेरीत ‘फ्लोश’ नावाचे चमकदार गालिचे होतात, ते बऱ्याचदा मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्यानं चमक आणलेल्या, सुताचे. सूतही सेल्युलोजच, पण व्हिस्कोसच्या उलट ओलं झाल्यावर त्याची ताकद वाढते.

अंगठीतून साडी किंवा शाल ओवून दाखवण्याच्या परीक्षेवर अजिबात विश्वास ठेवू नका. कुठलंही पातळ कापड अंगठीतून जातं. हातानं चोळून ऊब लागते का हे पाहणंही भरवशाचं नाही. चमकेवरून तर मीही पैज लावणार नाही, कारण नवीन व्हिस्कोस कधीकधी रेशमापेक्षा जास्त चमकतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धागा कुठून काढायचा. लोक झालरीचा धागा जाळून बघतात आणि फसतात. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात झालर म्हणजे उभ्या ताण्याची टोकं. ताणा बऱ्याचदा सुती असतो आणि लव रेशमाची किंवा व्हिस्कोसची. काश्मीरमध्ये सुती ताण्यावर रेशमी लव असलेले गालिचे होतात तसे रेशमी ताण्यावरचेही होतात. टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे खुपसून केलेल्या, गालिच्याची झालर तर नंतर शिवलेली असते, तिचा लवेशी काही संबंध नाही. तेव्हा धागा लवेचाच हवा. काठाजवळून चिमट्यानं दोन-तीन धागे काढा, किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत जमलेली रोव, म्हणजे सुटून आलेली लव, घ्या. उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडच्या बऱ्याच गालिच्यांत जमीन लोकरीची आणि फुलं-वेलबुट्टी तेवढी व्हिस्कोसची असते. तिथे चमकणाऱ्या फुलाचा धागा वेगळा तपासा. लोकरीचा धागा जाळलात तर केसाचा वास येईल आणि ‘रेशीमच आहे’ म्हणून निश्चिंत व्हाल.

ओल्या धाग्याची परीक्षा वर सांगितली. लहान मुलांच्या घरात मी तीच सांगतो, आग नाही, रसायन नाही.

जाळण्याची परीक्षा करायचीच असेल तर ओट्यावर, स्टीलच्या ताटात, धागा चिमट्यात धरून करा. पंखा बंद, शेजारी पाण्याचा तांब्या. रेशीम नाखुशीनं जळतं, ज्योत बाजूला केली की विझतं, जळक्या केसांचा वास येतो, आणि उरलेला काळा मणी बोटानं दाबला की चुरा होतो. व्हिस्कोस कागदासारखं भरभर जळतं, वासही जळक्या कागदाचा आणि राख हलकी, राखाडी. पॉलिस्टर आधी आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि मागे टणक मणी ठेवतं, तो चिरडत नाही. तो गरम मणी कातडीला चिकटतो, सांभाळा.

तिसरी परीक्षा ब्लीचची. हातमोजे घालून, खिडकी उघडून, चिनी मातीच्या वाटीत घरचं क्लोरीन ब्लीच घ्या आणि धागा बुडवा. रेशीम आणि लोकर काही वेळात विरघळून दिसेनाशी होते. व्हिस्कोस, सूत, पॉलिस्टर रंग उडाला तरी तसंच राहतं. उरलेलं ब्लीच ओतून वाटी नीट धुवा. पुढे मी व्हिनेगर सांगणार आहे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आत्ताच सांडलंय, धागा माहीत नाही

तेव्हा असं करा, म्हणजे कुठल्याही धाग्याचं नुकसान होणार नाही. पांढरा सुती पंचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा घडी करून डागावर ठेवा आणि तळहातानं दाबा. घासू नका. पंचा ओला झाला की कोरडी बाजू. ओल येईनाशी झाली की नवी कोरडी घडी ठेवून त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा. वर चढणारं पाणी आपल्याबरोबरचा रंग लवेच्या टोकावर सोडण्याऐवजी पंच्यात सोडतं, एवढ्यासाठी हे वजन. तासाभरानं पंचा बदला. मग वजन काढून गालिच्याखाली हवा जाईल असा तो उचलून ठेवा, दोन पाटांवर चालेल, आणि पंखा लावा. इस्त्री नको, गरम ड्रायर नको, कडक ऊन नको. चहाची फिकट छटा राहिली तरी राहू द्या. ती नंतर काढता येते.

लव किंचित दमट असतानाच मऊ ब्रशनं, लवेच्या दिशेनं, हलक्या हातानं विंचरा, म्हणजे तंतू चिकटायच्या आत सुटे होतील. ओलीगच्च असताना मात्र ब्रश लावू नका.

पिवळं कडं पडून गेलंय

व्हिस्कोस आहे याची खात्री झाली असेल तर एक प्रयत्न घरी करता येतो, एकच. कपभर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. रंगीत, सफरचंदाचं नको. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग निघतो का ते बघा, कारण व्हिस्कोसवरचे काही रंग ओल लागताच सुटतात. सगळं ठीक असेल तर स्प्रेच्या बाटलीनं कड्यावर धुक्यासारखा नुसता फवारा मारा, भिजवू नका, आणि वरच्यासारखाच पंचा, वजन, पंखा. सौम्य आम्लानं क्षार मरतो आणि ताजं पिवळेपण बऱ्याचदा उतरतं. महिनोन् महिने जुनं कडं पूर्ण जाईलच असं नाही. दुसऱ्यांदा करायचा मोह होईल, तिथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा. बोलावताना "रेशमी गालिचा" म्हणू नका, "व्हिस्कोस आहे" असं आधी सांगा. काही ठिकाणी सगळेच गालिचे एकाच मशीनखाली घालून, पाणी आणि शाम्पू मारून धुतात. लोकरीला ते चालून जातं. व्हिस्कोसची लव त्यातून बसकी होऊन येते आणि पुन्हा उभी राहत नाही.

काकूंच्या गालिच्याचं मी हेच केलं. पावडरीचा आणि सोड्याचा अंश आधी कोरडाच शोषून घेतला, मग आम्लाचा फवारा, मग रात्रभर वजन. परातीचं पुन्हा ताटलीएवढं झालं, तेही फिकट. कडक झालेली लव विंचरून निम्मीअधिक मोकळी झाली. संपूर्ण जाणार नाही हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

आणखी एक बघून घ्या. गालिच्याच्या मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड आहे, आणि ते कापड लेटेक्सच्या थरानं बसवलेलं असतं. ओल आणि उष्णतेनं लेटेक्स म्हातारं होतं, पिवळं पडतं, आंबूस वास सोडतं आणि गालिच्याखाली पिठासारखी भुकटी पडते. तुमचं पिवळेपण मागून येत असेल तर वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही, पाठ नवी बसवावी लागते.

खरंच रेशीम निघालं तर

तर अभिनंदन, पण तेही निष्काळजीपणानं हाताळू नका. रेशमाचे शत्रू वेगळे आहेत. ऊन पहिलं. खिडकीतून रोज तीन तास ऊन येत असेल तर रेशीम पिवळं पडतं आणि कमकुवतही होतं. अशा वेळी डाग शोधत बसू नका, पडदा लावा आणि दर काही महिन्यांनी गालिचा फिरवून टाका. दुसरा शत्रू क्षार आणि ब्लीच. डाग काढायला ब्लीचचे चार थेंब टाकले आणि तिथली लवच नाहीशी झाली, असा एक सुंदर गाठींचा गालिचा माझ्याकडे आला होता. तिथे नव्यानं गाठी भरण्यावाचून इलाज नव्हता. तिसरा शत्रू कीड. लोकरीप्रमाणे रेशीमही प्रथिन, म्हणून पतंगाच्या आणि भुंगेऱ्याच्या अळ्या ते खातात. व्हिस्कोसच्या वाट्याला त्या जात नाहीत, पण कसर आणि बुरशी येते. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात व्हिस्कोसचा गालिचा गुंडाळून कोपऱ्यात ठेवणं म्हणजे बुरशीला बोलावणंच.

साफसफाईला आपल्या आज्या-पणज्यांचं रिठ्याचं पाणी अजूनही उत्तम. रेशमी कापडाला रिठा सौम्य पडतो. पण ते हातात मावणाऱ्या कापडासाठी. मोठा रेशमी गालिचा घरी भिजवू नका. सुकायला फार वेळ लागतो आणि तळाचं सूत दमट राहतं.

पॉलिस्टर निघालं तर पाण्याची भीती सोडा. १०० ग्रॅम कोरडं रेशीम नेहमीच्या हवेतून साधारण ११ ग्रॅम ओल धरतं, व्हिस्कोस १३ च्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. त्यामुळे चहा त्यात शिरत नाही, वर बसतो. तेल मात्र घट्ट धरतं, म्हणून वावराच्या वाटेवर राखाडी पट्टा पडतो. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात घालून पुसा, मग साध्या पाण्यानं. गरम इस्त्री आणि गॅसवरून उतरवलेलं पातेलं मात्र त्याच्यापासून लांब ठेवा.

डाग नाही, तरी पट्टा दिसतोय

पाणी पडलेलं नसताना गालिच्यावर एका बाजूनं गडद आणि दुसऱ्या बाजूनं उजळ पट्टा दिसत असेल तर गालिच्याभोवती चक्कर मारा. समोरच्या बाजूनं बघताना गडद-उजळ उलटलं तर तो डाग नाही, लवेची दिशा आहे. रेशमातही हे होतं, ते दोष मानू नका. व्हिस्कोसमध्ये पायांनी दबलेली लव मात्र कायमची आडवी होते. नव्या व्हिस्कोसच्या गालिच्यातून महिनोन् महिने रोव निघत राहते, तेही त्याच्या स्वभावातलंच. रोज जोरानं व्हॅक्यूम केलंत तर ती वाढते. फिरता ब्रश बंद करून, नुसत्या ओढीवर, लवेच्या दिशेनं करा.

साड्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी

"पैठणीवर पाणी पडलं, तिथे चुरगळल्यासारखं झालं," हाही नेहमीचा प्रश्न. येवला आणि पैठणच्या हातमागाच्या पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि खरी पैठणी रेशमाची. ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळते ती यंत्रमागाची, आणि तिच्यात एका दिशेचा धागा रेशमाचा व दुसऱ्या दिशेचा कृत्रिम, किंवा दोन्ही कृत्रिम असू शकतात. म्हणून साडीच्या पदराची दशी आणि आडवा धागा, दोन्ही वेगवेगळे तपासा. एकावरून निकाल देऊ नका. भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा हा टसर. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावरच्या किड्यांचा, नैसर्गिकच, पण त्याची चमक तुतीच्या रेशमापेक्षा मंद आणि धागा थोडा खरबरीत. कोसा बघून "हे खरं रेशीम नव्हे" म्हणणारी माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांच्याच अंगावर गुळगुळीत चमकणारं पॉलिस्टर होतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्या एका शेऱ्यानं आपल्याच विदर्भातल्या विणकराची साडी मागे पडते.

पुढच्या वेळी घेताना

भारतात नैसर्गिक रेशमाची खूण म्हणजे सिल्क मार्क. केंद्रीय रेशीम मंडळानं ही योजना २००४ मध्ये सुरू केली. लेबलवर होलोग्राम आणि क्रमांक असतो. काश्मीरच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि २०२२ पासून त्यांच्यासाठी क्यूआर कोडचं लेबलही आलं आहे. दुकानातच स्कॅन करून बघा.

लेबल नसेल तर दुकानदाराला "रेशीम आहे ना?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "लवेचा धागा कुठला, तुती रेशीम की व्हिस्कोस, ते पावतीवर लिहून द्या," असं म्हणा. प्रामाणिक दुकानदार आनंदानं लिहून देतो. मग गालिचा उलटा करून कोपऱ्यात एक चौरस इंच जागा निवडा आणि आडव्या आणि उभ्या ओळीतल्या गाठी मोजून गुणाकार करा. काश्मिरी कामात एका इंचात १८ गाठी आडव्या, १८ उभ्या, म्हणजे चौरस इंचाला ३२४ हे नेहमीचं प्रमाण आहे. गाठच दिसत नसेल आणि मागे कापड असेल, तर भाव त्या हिशेबानं बोला. आणि भावाचं एक गणित मनात ठेवा. एक किलो कच्च्या रेशमाला सहा-सात किलो ताजे कोष लागतात, आणि त्या किलोतलाही पाव हिस्सा डिंक उकळताना जातो. जालन्याच्या कोष बाजारात एकदा चक्कर मारलीत तर तो भाव कशाचा असतो ते डोळ्यांनी दिसेल. लोकरीच्या गालिच्याच्या किमतीत रेशमी गालिचा मिळत असेल तर तिथेच धागा ओला करून बघा.

ज्यांना चमक हवी आहे, पण घरात लहान मुलं, कुत्रं किंवा चहापाण्याची सतत वर्दळ आहे, त्यांना मी दिवाणखान्यात लोकरीचा गालिचा सुचवतो. व्हिस्कोस घरात असेलच तर पलंगाशेजारी, जिथे अनवाणी पाय पडतात आणि कप येत नाही, तिथे ते पुष्कळ वर्षं छान राहतं.

काकूंनी गालिचा झोपायच्या खोलीत हलवला. नेताना त्यांनी माझ्याकडून सुई-दोरा मागून घेतला आणि तिथेच बसून गालिच्याच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी टाचली. पट्टीवर शाईच्या पेनानं, फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "व्हिस्कोस. पाणी लावू नये. दाबून टिपणे." धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गालिच्याला मी अशी पट्टी शिवून देतो.